चाकामागची चकती

मोटारीच्या चाकामागे बसविण्यात येणाऱ्या धातूच्या एका चकतीवर मासिकाची चार पृष्ठे खर्ची घालण्याचे प्रयोजन काय, असे एखाद्या रसिक वाचकास वाटल्यास आम्ही त्यास दोष देणार नाही. तिला पुण्यामुंबईची मंडळी स्पेसर म्हणतात. आमच्या शेलूबाजारचे मिस्त्री 'मोठा वायसर' म्हणून मोकळे होतात. चाक आणि चाक ज्यावर बसते तो हब यांच्या मध्ये ती घालावयाची. म्हणजे चाक तिच्या जाडीइतके बाहेर येते. याहून तिचे दुसरे कार्य नाही. परंतु या एवढ्याशा वस्तूपायी आमच्या घरी आठ दिवस जो खल झाला, तो एखाद्या वाटणीच्या दाव्यातही होत नसेल. आणि त्या खलात आम्हांस जे समजले ते मोटार न बाळगणाऱ्यांसही वाचावेसे वाटेल असा आमचा समज आहे.

शेलूबाजार हे मंगरूळपीर तालुक्यातील गाव. अकोल्याहून मंगरूळपीरकडे जाणारा रस्ता आणि कारंज्याहून मालेगावाकडे जाणारा रस्ता येथे एकमेकांस भेटतात, त्यामुळे चाकांची शुश्रूषा करणाऱ्यांची दुकाने येथे मुबलक आहेत. पुढे ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरांचा टप्पा खुला झाला आणि त्या मार्गावर चढण्याउतरण्याची एक जागा आमच्या गावाच्या वाट्यास आली. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटरांचा मार्ग पुरा झाला. तेव्हापासून बैलबंडी, ट्रॅक्टर आणि ताशी १२० किलोमीटरांच्या मर्यादेस टेकून जाणाऱ्या मोटारी यांची चाके एकाच गावाच्या शिवारात फिरतात. आमच्या भाच्याची मोटार या शेवटच्या वर्गातील. ती जर्मन बनावटीची, दोन दारांची, बसक्या बांध्याची आहे. आणि तिच्यात बसणे म्हणजे विहिरीत पायऱ्यांवाचून उतरणे होय.

चाकांमधील अंतर हा विषय वऱ्हाडास नवा नाही. कारंज्यावरून यवतमाळकडे जाणारी, जिला सारा मुलूख शकुंतला म्हणत असे, ती आगगाडी अडीच फुटी रुळांवर, म्हणजे ७६२ मिलिमीटरांच्या अंतरावर चालत असे. मूर्तिजापुरास तिची गाठ मोठ्या लोहमार्गाशी पडे, आणि त्याचे रूळ १६७६ मिलिमीटर दूर. हे अंतर जुळत नसल्यामुळे कापसाच्या गाठी एका डब्यातून काढून दुसऱ्यात भराव्या लागत; कित्येक हमालांचे संसार या फरकावर चालले असतील. ती गाडी आता बंद आहे. आमच्या वाशीमवरून जाणारा अकोला ते पूर्णा हा मार्गही एके काळी मीटरभर रुंदीचा होता. तो २००८ साली रुंद झाला. त्या वेळी रूळ सरकविले, स्लीपर बदलले, एंजिने बदलली, डबे बदलले. जुन्याच डब्यांची चाके बाहेर ओढून काम भागवावे असे कोणाही इंजिनिअरास सुचले नाही. एक अंतर बदलले की त्यास बांधलेली सर्व अंतरे बदलावी लागतात, हे त्यांस ठाऊक होते. चकतीचे आकर्षण नेमके याच्या उलट आहे. ती घेणाऱ्यास असा भास करून देते की एकच गोष्ट बदलली आणि बाकीच्या होत्या तेथेच राहिल्या.

आमचा भाचा पुण्याहून लग्नानिमित्त आला तो या चकत्या बरोबर घेऊनच आला. चार नव्हत, दोनच. मागील चाकांसाठी, प्रत्येकी पंधरा मिलिमीटर जाडीच्या, ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या, पाहावयास मोठ्या गोजिरवाण्या. पुण्यात त्या बसविणाऱ्याने पुढच्या आठवड्याची वेळ दिली होती, आणि इतका धीर त्या वयास नसतो.

"मामा, मागून बघा ना," तो म्हणाला. "चाकं आत गेल्यासारखी वाटतात."

आम्ही मागून पाहिले. चाके चाकांच्या जागी होती. परंतु त्याने सांगितल्यानंतर ती खरोखरच थोडी आत गेल्यासारखी दिसू लागली, आणि तेव्हापासून आजतागायत कोणतीही मोटार पाठमोरी दिसली की आमची नजर तिच्या चाकांकडेच जाते. सौंदर्याची दृष्टी एकदा आली की जात नाही. तिचा हा एक उपद्रवच म्हणावयाचा.

या हौसेस आम्ही हसलो नाही, कारण हसण्यासारखे तीत काही नाही. १९५९ साली अमेरिकेतील पाँटिॲक कारखान्याने आपल्या मोटारींची चाके पूर्वीपेक्षा बरीच दूर दूर बसविली, ती प्रथमतः दिसण्यासाठीच. त्या वर्षी मोटारीचे अंग रुंद झाले होते आणि जुन्या अंतरावरील चाके त्याखाली केविलवाणी दिसत होती. मग त्याच रुंदीचा डंका जाहिरातींतून पिटण्यात आला आणि मोटारींचा खपही उत्तम झाला. पोर्शे कारखान्यानेही आपल्या काही मोटारींच्या चाकांमागे स्वतः चकत्या बसविलेल्या आहेत. फरक इतकाच की कारखाना चकती घालतो तेव्हा बोल्टची लांबी, बेअरिंगचे बळ आणि मडगार्डची कड यांचा हिशेब त्याच्या कागदावर आधी झालेला असतो. आमच्या भाच्याच्या कागदावर केवळ चकत्यांची किंमत होती.

रुंद बैठकीने वळणावर लाभ होतो, असाही त्याचा एक मुद्दा होता, आणि तो तत्त्वतः बरोबर आहे. वळणावर मोटारीचा भार आतील चाकांवरून बाहेरच्या चाकांवर ढळतो. चाके जितकी दूर तितका हा ढळ कमी. आम्ही कागद घेऊन बसलो. मागील दोन चाकांच्या मध्यांतील अंतर सुमारे १५३० मिलिमीटर. दोन्ही बाजूंस पंधरा पंधरा म्हणजे तीस वाढले. हे शेकडा दोनही भरत नाही. टायरांतील हवा दोन पौंडांनी कमीअधिक झाली तरी मोटारीच्या चालीत याहून मोठा फरक पडेल. उलट बाजूस, चाक बाहेर गेले की बेअरिंगवर पडणारी तरफ लांबते आणि स्प्रिंगवरही भार अधिक लांबून येतो, म्हणजे तीच स्प्रिंग थोडी मऊ झाल्यासारखी वागते. पुढील चाकांत तर याहून निराळी पीडा असते. एक चाक खडीवर आणि दुसरे डांबरावर असताना ब्रेक दाबला तर स्टिअरिंग हातातून हिसका मारते. पुढे चकत्या न घालण्याइतका विचार भाच्याने केला होता, हे त्याच्या बाजूने नमूद केले पाहिजे. लाभाचा मुद्दा त्याने दुसऱ्या दिवसापासून सोडून दिला. "दिसण्यासाठीच हवंय, मामा," असे तो सरळ म्हणाला, आणि त्यानंतर आमचे बोलणे सोपे झाले.

आता मिस्त्रींविषयी. गावातील ज्या गृहस्थाकडे आम्ही मोटार नेली त्यांचा सारा जन्म ट्रॅक्टरांत गेलेला. चाके आतबाहेर करणे हे त्यांच्या लेखी हंगामी काम आहे. कपाशीच्या, तुरीच्या, सोयाबीनच्या ओळींतील अंतरे निराळी. त्या ओळींमधून ट्रॅक्टर पिकास न चिरडता जावा म्हणून मागील चाकांची रिम उलटी करून किंवा तिची तबकडी फिरवून बसवितात, आणि दोन चाकांमधील अंतर हवे तसे करून घेतात. ट्रॅक्टर बनविणाऱ्याने ती सोय मुळातच ठेवलेली असते. त्यामुळे एका मोटारीची चाके वीतभर नव्हे, बोटभरही नव्हे, तर अर्ध्या बोटाने बाहेर काढावयाची आणि तीही पिकासाठी नव्हे, हे ऐकून त्यांस नवल वाटले. परंतु ते त्यांनी बोलून दाखविले नाही. जुन्या कारागिरांची ही एक सभ्यता आम्ही नेहमी पाहिली आहे. गिऱ्हाइकाच्या इच्छेवर ते टीका करीत नाहीत. त्याने आणलेल्या मालावर मात्र करतात.

त्यांनी चकती हातात घेतली, मधल्या भोकात बोट फिरविले, मोटारीचे चाक उतरवून हबाच्या मधल्या उंचवट्यावर ती ठेवून पाहिली आणि हलविली. ती हलली. मग कॅलिपर आणवून त्यांनी मापे घेतली. हबाचा उंचवटा ७१.६ मिलिमीटर, चकतीचे भोक ७३.१.

"मधात दीड मिलिमीटर खेळते हे," ते म्हणाले. "हे काऊन आणली, भाऊ? गाडी भागली असती तं थरथर सुटली असती."

७३.१ हे माप बाजारू मालाचे सर्वसाधारण माप आहे. अनेक जातींच्या मोटारींस चालावे म्हणून भोक मुद्दाम मोठे ठेवितात. पण जे सर्वांस चालते ते कोणासही नेमके बसत नाही. हबाचा उंचवटा चाकास मध्यावर धरून ठेवतो; तो आधार गेला की चाक मध्यावर आणण्याचे काम एकट्या बोल्टांवर येऊन पडते, आणि केसभर जरी ते चुकले तरी शंभराच्या वेगास त्या केसाची काठी होते. शिवाय चकत्यांबरोबर बोल्ट आलेले नव्हते. जुनेच बोल्ट वापरले असते तर हबात शिरणारी त्यांची लांबी पंधरा मिलिमीटरांनी कमी झाली असती, आणि पाऊण टनाहून अधिक वजन पेलणारी मागील चाके दोनतीन आट्यांच्या भरवशावर नागपूरहून मुंबईस निघाली असती. मिस्त्रींनी चकत्या पुसून, कागदात गुंडाळून भाच्याच्या हाती परत दिल्या. बसविण्यास त्यांनी चक्क नकार दिला.

तेव्हापासून आमच्या बहिणीचे दूरध्वनी सुरू झाले. तिचे यजमान सहा वर्षांपूर्वी वारले. हा तिचा एकुलता एक. तिने आम्हांस चकती म्हणजे काय हे विचारले नाही. "दादा, तू तिथं आहेस म्हणून विचारते. त्यानं जीवाला धोका नाही ना?" एवढेच विचारले. समृद्धी मार्गावर १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजानजीक खासगी बस जळून पंचवीस माणसे गेली, ती बातमी तिच्या मनातून गेलेली नाही. त्या अपघाताचा चकत्यांशी काडीचा संबंध नाही, हे आम्ही तिला सांगितले. परंतु आईच्या भयास संबंधाची आवश्यकता नसते. तिला खरे उत्तर द्यावयाचे तर ते आधी आम्हांसच ठाऊक असणे भाग होते. म्हणून भाच्याने नव्या चकत्या मागविल्या तेव्हा आम्ही त्या येण्याच्या आत वाचनास लागलो.

वाचनात कायदाही आला. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या ५२ व्या कलमान्वये वाहनाच्या नोंदणीतील तपशील मूळ बनावटीहून भिन्न होईल असा फेरफार करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ बराच कडक लावलेला आहे. चाकामागची चकती त्या कलमात किती सापडते याचा वाद वकील घालोत. परंतु टायर मडगार्डाच्या बाहेर डोकावू लागले की रस्त्यावरील अधिकाऱ्यास आणि अपघातानंतर विमा कंपनीस बोट ठेवावयास जागा मिळते, हे भाच्यास आम्ही स्पष्ट सांगितले. त्याने ते ऐकून घेतले. टायर कडेच्या आतच राहील, हा त्याने आम्हांस दिलेला शब्द.

आठव्या दिवशी नव्या चकत्या आल्या. भोक बरोबर ७१.६ चे. हबाचा जसा उंचवटा तसाच उंचवटा चकतीच्या बाहेरच्या अंगास कोरलेला, म्हणजे चकती हबावर आणि चाक चकतीवर आपोआप मध्यावर बसावे. बरोबर दहा बोल्ट, जुन्यांहून पंधरा मिलिमीटरच लांब.

पुढचे दोन तास आम्ही मिस्त्रींच्या अंगणात, निंबाच्या सावलीत लोखंडी खुर्चीवर बसून होतो, आणि त्या दोन तासांतला अर्ध्याहून अधिक वेळ त्यांनी केवळ पुसण्यात घालविला. तारेच्या ब्रशाने हबाच्या तोंडावरील गंज काढला. मग कापडाने पुसले. मग बोटाने तपासून पुन्हा पुसले. भाचा उतावीळ झाला होता. आम्हांसही प्रथम हा अतिरेक वाटला. परंतु त्याचे कारण मोठे मनोहर आहे. चाक बोल्टांवर लटकलेले असते अशी आपणां सर्वांची समजूत असते. वास्तविक बोल्टांनी चाकास हबावर इतके करकचून दाबलेले असते की दोन तोंडांमधील घर्षणच सारा भार वाहते. कसलेला बोल्ट केसभर ताणलेला असतो, स्प्रिंगेसारखा. आणि या जाडीचा एकेक बोल्ट चार ते पाच टनांच्या जोराने चाकास मागे ओढून धरतो. मध्ये गंजाचा किंवा रंगाचा पापुद्रा राहिला तर चार दिवस धावल्यावर तो चुरतो, ताण ढिला पडतो आणि बोल्ट सुटू लागतो. चकती घातली की दाबून बसणारी तोंडे एका जोडीऐवजी दोन जोड्या होतात, म्हणजे धुळीस जागाही दुप्पट. याच कारणास्तव त्या तोंडांवर वंगणही लावावयाचे नसते. बंडीच्या आसास वंगण न लावणारा मनुष्य मूर्ख आणि येथे लावणारा मूर्ख. चाक तेच, पण शहाणपण उलटे.

पुसून झाल्यावर चकती बसली. ती या वेळी हलली नाही. चाक चढले. बोल्ट मिस्त्रींनी हातानेच लावण्यास आरंभ केला आणि मोठ्याने आटे मोजू लागले. "सात... आठ... नऊ... दहा." बोल्ट चौदा मिलिमीटर जाडीचा असेल तर निदान तितकाच तो आत गेला पाहिजे, असा यंत्रशास्त्राचा दंडक आहे, दीड मिलिमीटरांच्या आट्यांनी ते सव्वानऊ फेरे होतात. मिस्त्रींनी हा दंडक कोणत्याही पुस्तकात वाचलेला नाही. "दहाच्या खाली मी सोडतच नाही," ते म्हणाले, "ट्रॅक्टर असो का काही असो." मग सर्वांत महत्त्वाचे कसणे. त्यांच्याजवळ ट्रॅक्टरच्या एंजिनाचे हेड कसण्याचा टॉर्क पाना होता. परंतु त्यावरील माप जुन्या किलोग्रॅम-मीटरचे, आणि मोटारीच्या पुस्तकातील आकडा १३० न्यूटन-मीटर. भाच्याने खिशातील यंत्रावर हिशेब करून सव्वातेरा हे उत्तर काढीपर्यंत मिस्त्रींनी पाना सव्वातेरावर आणून ठेवलेला होता. एक बोल्ट, मग त्याच्या समोरचा, मग तिरपा. अशा चांदणीच्या वाटेने पाचही, प्रथम अर्ध्या जोराने आणि मोटार जमिनीवर टेकल्यावर पुऱ्या.

यानंतर टायर मडगार्डास घासते की काय हे पाहावयाचे होते. त्यासाठी मागील बाजूस वजन हवे होते. मोटारीच्या मागे जी दोन आसने म्हणून आहेत, ती बहुधा लहान मुलांसाठी किंवा पिशव्यांसाठी असावीत. त्यांवर एका बाजूस युरियाचे पोते ठेवण्यात आले आणि दुसऱ्या बाजूस आम्हांस. मिस्त्री खाली बसून कडेत बोटे घालून पाहत होते आणि आम्ही गुडघे हनुवटीस लावून निंबाच्या फांद्यांकडे पाहत होतो. दोन बोटे सहज जात होती. टायर कडेच्या आतच होते. आम्हांस बाहेर काढण्यास पोत्याहून अधिक वेळ लागला.

मोटार सुंदर दिसत होती, हेही लिहिलेच पाहिजे. तीस मिलिमीटर ते काय. पण मागून पाहता ती आता जमिनीवर पाय रोवून उभी होती, शंकरपटात सुटण्यापूर्वी जोडी उभी राहते तशी. अंगणात जमलेल्या पोरांसही फरक कळला, आणि त्यांस कोणी तो दाखविलेला नव्हता.

भाचा तसाच महामार्गावर चढण्यास निघाला होता. मिस्त्रींनी त्यास अडविले. नवे कसलेले बोल्ट शंभरएक किलोमीटर धावल्यावर पुन्हा तपासावे लागतात, आणि समृद्धी मार्गावर वाटेल तेथे मोटार उभी करून पाना लावण्याची मुभा नाही. "आधी अकोल्याले जाऊन या जुन्या रस्त्यानं," ते म्हणाले. जाऊन येऊन तितकेच अंतर पडते. आम्ही बरोबर गेलो. या वेळी पुढच्या आसनावर. खड्डे चुकविण्याजोगे होते ते भाच्याने चुकविले, आणि नव्हते ते मोटारीने आमच्या पाठीस कळविले. परत आल्यावर मिस्त्रींनी दहाही बोल्टांस पाना लावला. नऊ जागचे हलले नाहीत. दहावा, उजव्या चाकाचा, फेऱ्याच्या आठव्या हिश्श्याइतका आणखी कसला गेला. भाचा तो पाहत उभा होता. तो काही बोलला नाही. परंतु सायंकाळी निघावयाचा बेत त्याने स्वतःच दुसऱ्या दिवशी सकाळवर नेला.

रात्री आम्ही बहिणीस दूरध्वनी केला. पूर्वी होती त्याहून मोटार अधिक सुरक्षित झालेली नाही, असे आम्ही तिला सांगितले. काम नीट झाले आहे, त्यामुळे फारशी कमीही झालेली नाही. आणि खरे भय निराळेच आहे. पुढे कधी चाक पंक्चर होईल, कोठल्या तरी गावचा मनुष्य ते उतरवील, चकती बाजूस ठेवील आणि विसरेल. मग हे लांब बोल्ट हबाच्या पार आत जाऊन ब्रेकच्या भागांस भिडतील. अथवा तो चकती ठेवील आणि कोठले तरी आखूड बोल्ट लावील. त्या वेळी भाचा जवळ उभा असेल किंवा चहास गेलेला असेल. बहीण बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मग तिथं लिहून ठेव की काहीतरी."

ही गोष्ट आम्हां कोणासही सुचली नव्हती. सकाळी भाचा मिस्त्रींचे पैसे चुकते करावयास गेला तेव्हा आम्ही तिचा निरोप त्यांस सांगितला. त्यांनी डिकी उघडावयास लावली, पांढऱ्या रंगाची बाटली आणि बारीक ब्रश आणला, आणि आतल्या काळ्या पत्र्यावर, जेथे चाक काढणाऱ्याची नजर पडल्यावाचून राहणार नाही अशा ठिकाणी, शेतातल्या विहिरीवर मालकाचे नाव घालतात तशा ठसठशीत अक्षरांत लिहिले: मागच्या चाकाचे बोल्ट लांब हायेत. मधात चकती हाये. इसरू नोको.

जर्मन मोटारीवर ते पांढरे वऱ्हाडी अक्षर कसे दिसेल, म्हणून भाच्याने एक क्षण तोंड उघडले होते. मग ते मिटून, रंग वाळेपर्यंत डिकी उघडी ठेवून तो निंबाखाली थांबला.